बत्तीस शिराळा, बत्तीस तबकड्या

३२ गावांवरून शिराळ्याला ‘बत्तीस शिराळा’ म्हणतात, हे इथल्या प्रत्येक इतिहासप्रेमीला ठाऊक असते. कल्याणच्या ३२ तबकड्या मात्र कोणाला आठवत नाहीत. म्हणूनच ‘न हलता शलाका वळवणारा फेज्ड ॲरे अँटेना आपल्याकडे ५जीबरोबर आला’ ही थाप बिनदिक्कत खपते.

१९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी कल्याणला १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या एकत्र जोडून सूर्याचे रेडिओवेध घेतले. तबकड्या ऑस्ट्रेलियाने दिलेल्या, हे मान्यच. परंतु १९७० साली उटीला उभी राहिलेली ५३० मीटर लांबीची दुर्बीण इथेच आखली गेली, इथेच घडली. तिच्या १०५६ द्विध्रुवांकडून येणाऱ्या लहरींची कला, म्हणजे चढउताराची वेळ, मागेपुढे केली की सांगाडा जागीच राहतो आणि नजर उत्तर-दक्षिण वळते. शिवाय एकाच वेळी १२ शलाका!

‘ती दुर्बीण, संदेशवहन नव्हे’ असा आक्षेप येईलच. घेणाऱ्या आणि पाठवणाऱ्या अँटेनाचे गणित एकच असते, महाराज. मोबाइल मनोऱ्यावरची ५जीची पेटी तेच गणित लहान आकारात, अधिक वेगाने करते.