पिवळी ज्योत आणि बंद खिडकी

थंडी पडू लागली की गॅस गीझर असलेल्या बंद बाथरूममध्ये कोणी दगावल्याच्या बातम्या येऊ लागतात. कारण म्हणून बहुधा ‘गॅसगळती’ सांगितली जाते. प्रत्यक्षात अनेकदा गॅस गळलेला नसतो. तो अर्धवट जळलेला असतो. हा फरक लक्षात आला नाही, तर उपायही चुकतो.

गळणाऱ्या एलपीजीचा वास येतो, कारण त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते. अर्धवट ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास, ना रंग. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते आणि कडीपर्यंत हात पोहोचण्याआधीच शुद्ध हरपते.

हिशेब साधा आहे. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे 12 ते 13 घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. पाच बाय चार फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेचार घनमीटर. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत जवळपास निम्म्या बाथरूमची हवा ज्वलनात खर्च होते. ऑक्सिजन संपण्याची वाटही पाहावी लागत नाही. तो थोडा घटला तरी ज्वलन बिघडू लागते.

ज्योत पिवळी झाली, भांड्यांवर वा गीझरवर काजळी धरली, की बर्नरला हवा कमी पडते आहे असे समजावे. मात्र जेट किंवा हवेची झडप स्वतः फिरवणे हा त्यावरचा इलाज नव्हे. कारण बर्नरमधला कचरा असू शकते, चुकीचा जेट असू शकते किंवा खोलीतच हवा नसू शकते. सिलिंडरसाठीचा गीझर जेट न बदलता पाइप गॅसवर लावणे, किंवा त्याउलट करणे, हेही धोक्याचेच. तपासणी आणि दुरुस्ती प्रशिक्षित मेकॅनिकनेच करावी. निळी ज्योतही पूर्ण हमी देत नाही.

बर्नर कितीही नीट बसवला, तरी कोंडलेल्या खोलीत ताजी हवा तो कुठून आणणार? म्हणून गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे हाच खरा उपाय. तोवर पाणी बादलीत भरून घ्यावे, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे. थंडी वाजते म्हणून खिडकीच्या फटी कागदाने बुजवू नयेत. केवळ एक्झॉस्ट पंख्यावरही विसंबू नये. आत हवा यायला वाट नसेल, तर तो धूरच खोलीत ओढू शकतो.

कोणी बेशुद्ध आढळल्यास दार उघडून त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि 108 ला फोन करावा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवे ठरते. विषबाधा असतानाही ते आकडा चांगला दाखवू शकते. रुग्णाला ऑक्सिजन हवा.

गीझर विकणाऱ्याने तो कुठे बसणार हे विचारावे, बसवणाऱ्याने बंद बाथरूमला नकार द्यावा आणि सोसायट्यांनी गच्ची-टाकीच्या पाहणीबरोबर गीझरचीही पाहणी करावी. एका उघड्या खिडकीने टळणारे मृत्यू दर हिवाळ्यात मोजत बसणे परवडणारे नाही.