मफलरातलं अंबर
पाटोद्याच्या थंडीत मनगटाला अंबर अत्तराचा फाया लावला. नाव अंबर, पण यात देवमाशापासून मिळणारं अंबर नाही. लोबान आणि लॅबडॅनमची राळ. पहिली पाच मिनिटं नाक मुरडावं असंच: औषधी, विझत्या धुपाटण्यासारखं. राळेतले रेणू जड, उडायला आळशी. अंगाची ऊब लागली की हळूहळू सुटतात. तासाभरानं व्हॅनिलासारखा गोडवा वर आला, गूळ करपण्याच्या जरा अलीकडचा. कोरड्या कातडीवर तो टिकत नाही, म्हणून मी आधी खोबरेलाचं बोट फिरवतो. (सालईच्या डिंकाचा धूर याहून कोरडा, टर्पेंटाइनकडे झुकणारा, मला तोही आवडतो.) सकाळी आंघोळ झाली, तरी मफलरात वास होताच. चहावाला म्हणाला, ‘‘काय सर, घरी पूजा होती का?’’