प्रसूतीनंतरचा रक्तदाब कोण मोजणार?

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर महिलांची तपासणी होते. बहुतेक प्रसूती आता रुग्णालयात होतात. २०१८-२० मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होते, महाराष्ट्रात ३३. ही प्रगती मोठी आहे. पण बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा अजूनही दुर्लक्षित आहे.

गरोदरपणात किंवा त्यानंतर रक्तदाब १६०/११० वर गेला की धोका थेट मेंदूला असतो. रक्तवाहिन्यांना दाब पेलवत नाही, त्यातून पाणी झिरपते आणि मेंदूला सूज येते. ही सूज बहुधा मागच्या भागात, दृष्टीच्या केंद्राजवळ असते. त्यामुळे डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, अंधुक दिसते. दाब वेळीच उतरवला तर सूज बहुतेकदा ओसरते. उशीर झाला तर झटके येतात किंवा मेंदूत रक्तस्राव होतो.

‘बाळंतपण झाले की बीपी उतरते’ हा समज अर्धाच खरा आहे. वार पडल्यावर आजार ओसरू लागतो. मात्र तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत रक्तदाब पुन्हा उसळू शकतो. नैसर्गिक प्रसूतीनंतर सरकारी रुग्णालयातून साधारण ४८ तासांनी घरी सोडतात. म्हणजे धोक्याच्या दिवसांत बाळंतीण घरी, अनेकदा माहेरी असते. डोकेदुखी जागरणावर ढकलली जाते आणि झटक्याला ‘बाहेरची बाधा’ म्हटले जाते.

उपाय महागडा नाही. मॅग्नेशियम सल्फेटमुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ मध्ये दहा हजारांवर महिलांच्या ‘मॅगपाय’ अभ्यासाने दाखवले. झटके आलेल्या महिलेला पहिला डोस देऊनच पुढे पाठवावे, अशी मुभा सरकारी सूचनांनी आरोग्यसेविकेलाही दिली आहे. पण मोजलाच नाही तर वाढलेला दाब कळणार कसा?

आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात, पण या भेटींचा भर बाळाचे वजन आणि ताप यांवर असतो. त्याच भेटीत आईचा रक्तदाब मोजणे सक्तीचे केले, तर नवी योजना लागणार नाही.

तोवर घरच्यांनी एवढे करावे: बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे किंवा झटका आल्यास १०८ ला फोन करावा. सकाळ होण्याची वाट पाहू नये.