मृग निघाला म्हणून पेरू नका



मृग निघाला की तिफण जुंपायची, ही आपली जुनी रीत. पण पाऊस आता पंचांग पाळत नाही. 2025 सालीच बघा. 26 मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत पोचला. पुढे सप्टेंबरात मराठवाड्यात असा कोसळला, की हाताशी आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं.

म्हणून पेरणी तारखेवर करू नका, ओलीवर करा.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. आकडा सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. शेतात वीतभर खणून ओलही बघा. पहिल्या सरीवर पेरलं आणि उघडीप पडली, तर कोंब मातीतच करपतो. दुबार पेरणी म्हणजे बी पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा. त्याची झळ शेवटी लेकरांच्या फीला बसते. शेजाऱ्याने पेरलं, तरी तुम्ही थांबा.

थांबलेल्या दिवसांत बी तपासा. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे 100 दाणे ओळीने मांडा. गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी मोजा. 70 उगवले, तर एकरी 30 किलो बी पुरे. 60 उगवले, तर 35 किलो घ्या. फारच कमी उगवले, तर ते बी पेरू नका.

विकतच्या बियाण्याची पावती, पिशवी आणि टॅग जपा. थोडं बीही मागे ठेवा. उगवण फसली, तर तक्रारीला हाच पुरावा.

सगळं रान एकाच पिकाखाली घालू नका. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घ्या. एक गेलं, तरी दुसरं हाती लागतं.

एक रुपयातला पीक विमा 2025 मध्ये बंद झाला. आता सोयाबीन-तुरीला विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि कापसाला 5 टक्क्यांपर्यंत हप्ता पडतो. बियाण्या-खताबरोबर तेवढे पैसेही बाजूला काढा.

पेरणी झाली की फोनवर ई-पीक पाहणी करून पिकाची नोंद करा. फोन जमत नसेल, तर घरातल्या शिकत्या मुलीला हाताशी घ्या. ओटीपी मात्र कुणालाही सांगू नका. त्याच फोनवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲपही घ्या. इशारा आला की काम सोडा. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.

आणि एक वही घाला. पाऊस कधी पडला, पेरलं कधी, एकरी किती पिकलं, ते लिहा. पुढच्या खरिपात शेजाऱ्याच्या बांधाकडे बघण्याआधी ती वही उघडा.