पझेशन कधी?

रविवारी सकाळी फोन वाजला की तो एकतर बाबांचा असतो, नाहीतर भाच्याचा. बाबांचा असेल तर विषय एकच, मुलुंडची बिल्डिंग. भाच्याचा असेल तरी विषय एकच, शिकागो व्हाइट सॉक्स. आणि खरं सांगू? गेली दोन-तीन वर्षं मला या दोघांच्या बोलण्यात फारसा फरकच कळेनासा झालाय.

बाबांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय. छत्तीस महिन्यांत ताबा, असं अॅग्रीमेंटमध्ये लिहिलं होतं. सध्या सहावं वर्ष चालू आहे. भाच्याची बेसबॉल टीमही रीडेव्हलपमेंटला गेलीय. तिकडे त्याला 'रीबिल्ड' म्हणतात. चांगले-महागडे खेळाडू विकायचे, बदल्यात कोवळी पोरं घ्यायची, चार-पाच वर्षं मार खायचा आणि मग... टॉवर!

परवा भाच्याने थेट विचारलं, "मामा, ह्या वर्षी जिंकणार का? खरं सांग. नाहीतर मी कब्जचा फॅन होतो."

बारा वर्षांचा आहे. जन्म शिकागोचा, शाळा शिकागोच्या सबर्बातली. त्या शहरात टीम दोन. उत्तरेला कब्ज, दक्षिणेला सॉक्स. एकीकडून दुसरीकडे जाणं म्हणजे निवडणुकीच्या आदल्या रात्री पक्ष बदलणं. पण पोराची चूक नाही. वर्गातले निम्मे कब्जवाले त्याला रोज पिडतात. आणि ह्या टीमचं खूळ त्याच्या डोक्यात घालणारा गुन्हेगार मीच!

त्याचं झालं असं. 2005 मध्ये मी शिकागोला ऑनसाइट होतो. खिशात पैसे कमी, वीकेंड रिकामे. रेड लाइन ट्रेन पकडायची, 35व्या स्ट्रीटला उतरायचं, सगळ्यात वरच्या मजल्यावरचं स्वस्त तिकीट काढायचं. नियम कळायला महिना गेला. पण त्या वर्षी टीम असली खेळली, की बास! लीगमध्ये 99 विजय, प्लेऑफमध्ये 12 पैकी 11, फायनलला ह्यूस्टनला सरळ 4-0. 1917 नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे 88 वर्षांनी! मिरवणुकीत ऑफिसांच्या खिडक्यांतून कागदाचे तुकडे उडत होते आणि शेजारचा म्हातारा, ओळख ना पाळख, माझ्या गळ्यात पडून रडत होता. त्याच सिरीजच्या पहिल्या मॅचला स्टेडियममध्ये एक पाद्री बसले होते, जे पुढे 2025 मध्ये पोप लिओ झाले. आता बोला! टीमच्या मागे साक्षात पोप आहेत.

पण पोप असूनसुद्धा काय झालं पाहा. 2023 मध्ये 101 पराभव. 2024 मध्ये 121. 1900 नंतरच्या बेसबॉलमध्ये एका सीझनमध्ये इतक्या मॅचेस कुणीच हरलेलं नव्हतं. आधीचा विक्रम 1962 च्या न्यूयॉर्क मेट्सचा, 120. पण ती टीम त्या वर्षी जन्मालाच आली होती, तिला माफ आहे. सॉक्स तर 1901 पासून मेजर लीगमध्ये. त्या 2024 च्या जुलै-ऑगस्टमध्ये ओळीने 21 मॅचेस हरले. तिकडे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. मी चहा ठेवता ठेवता स्कोअर बघायचो. पुढेपुढे चहा झाल्यावर बघायला लागलो. निदान चहा तरी गोड लागावा!

2025 मध्ये परत 102 पराभव. तीन वर्षांचा हिशोब मांडा : 486 मॅचेस, 324 पराभव. बरोब्बर तीनात दोन. आयपीएलमध्ये लीगच्या 14 मॅचेस असतात, दीड-दोन महिन्यांत दुखणं संपतं. इथे 162! सहा महिने, जवळपास रोज.

आणि ह्यातला खरा जिव्हारी लागणारा भाग वेगळाच आहे. हे रीबिल्ड पहिलं नाही. 2016 च्या डिसेंबरमध्ये ह्याच टीमने आपला सगळ्यात भारी पिचर ख्रिस सेल बोस्टनला विकला होता. पुढे आणखी दोन-तीन मोठी नावं गेली, तरुण पोरं आली आणि सगळे म्हणाले, थांबा, बघाच! थांबलो. 2021 मध्ये 93 विजय, डिव्हिजनचं विजेतेपद. भाचा तेव्हा लहान होता, झोपताना जर्सी काढायचा नाही. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत ह्यूस्टनने 3-1 ने घरी पाठवलं. 2022 मध्ये 81 विजय, 81 पराभव. 2023 मध्ये खेळ खल्लास. म्हणजे पाच वर्षं भाड्याच्या घरात काढून नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो, तर दुसऱ्याच पावसाळ्यात छत गळायला लागलं. आणि कमिटी म्हणते, परत पाडूया!

मग डिसेंबर 2024 मध्ये गॅरेट क्रोशे, म्हणजे त्या वेळचा सगळ्यात भारी पिचर, विकला. गिऱ्हाईक? परत बोस्टन! पुढच्याच सीझनला अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त स्ट्राइकआउट त्याने घेतले. जानेवारी 2026 मध्ये लुइस रॉबर्टलाही न्यूयॉर्क मेट्सकडे धाडलं. जुन्या बिल्डिंगचा हा शेवटचा खांब.

एक गंमत सांगतो. 1919 ची वर्ल्ड सिरीज पैसे घेऊन मुद्दाम हरल्याचा आरोप ह्याच टीमच्या आठ खेळाडूंवर झाला होता. कोर्टातून सुटले, पण 1921 मध्ये त्यांच्यावर तहहयात बंदी आली. मैदानावर मुद्दाम हरणं हा गुन्हा. पण ऑफिसात बसून टीमच अशी बनवायची, की ती हरणारच... त्याला प्लॅन म्हणतात! कबूल, दोन्हींत फरक आहे. मैदानावरची पोरं जीव तोडून खेळतात. पण भाच्याने हा फरक विचारला तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, हेही कबूल.

शिवाय हरण्याचा फायदा तरी? खालच्या टीम्सना नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये आधी निवड मिळते, म्हणून तर हा सगळा खटाटोप. पण हल्ली लॉटरी असते आणि नियम असा, की मोठ्या शहरातल्या श्रीमंत टीमला लॉटरीतला नंबर लागोपाठ दोन वर्षं मिळत नाही. त्यामुळे 121 मॅचेस हरूनही 2025 च्या ड्राफ्टमध्ये सॉक्सचा नंबर लागला दहावा! हसावं की रडावं? 2026 च्या ड्राफ्टसाठी मात्र लॉटरी लागली. पहिली निवड सॉक्सची.

मग भाच्याला सांगायचं काय? 2026 च्या सीझनमध्ये होणार काय?

बाबा दर रविवारी काठी घेऊन साइटवर जातात. पझेशनची तारीख विचारणं त्यांनी केव्हाच सोडलंय. ते स्लॅब मोजतात. तारीख बिल्डर सांगतो, स्लॅब डोळ्यांना दिसतो. म्हटलं, आपणही स्लॅब मोजू.

पहिला स्लॅब, कोल्सन माँटगोमेरी. शॉर्टस्टॉप. 2025 च्या एप्रिलमध्ये मायनर लीगमध्येही त्याचा बॉलला बॅट लागेना. क्लबने त्याला काढलं नाही. काही आठवडे अॅरिझोनाला नेऊन त्याची बॅट फिरवण्याची पद्धत दुरुस्त केली. जुलैत वर आणला. 71 मॅचेसमध्ये 21 होमरन! अप्रेझलमध्ये खराब रेटिंग मिळालेल्याला नोकरीवरून न काढता नीट शिकवलं, तर काय होतं, हे आमच्या आयटीवाल्यांनी जरा बघून यावं.

दुसरा स्लॅब, शेन स्मिथ. पिचर. दुसऱ्या टीमने मुख्य यादीत न ठेवलेला खेळाडू उचलता येतो, अशी तिकडे एक सोय आहे. अट एवढीच, की त्याला सीझनभर मुख्य संघात ठेवायचं. मिलवॉकीने असा सोडलेला हा गडी सॉक्सने उचलला आणि पहिल्याच वर्षी तो ऑल-स्टार झाला. तिसरा, काइल टील. क्रोशेच्या बदल्यात आलेल्या चौघांपैकी एक, कॅचर. हा टिकला तर तो सौदा निम्मा तरी वसूल.

चौथा जरा गमतीचा. मुनेताका मुराकामी. 2022 मध्ये जपानमध्ये 56 होमरन मारलेला दणकट गडी. करार दोन वर्षांचा, 3.4 कोटी डॉलरचा. म्हणजे ह्याला मालकी नाही म्हणता येणार, हा लीव्ह अँड लायसन्स! मारतो तेव्हा बॉल दिसत नाही, चुकतो तेव्हाही बॉल दिसत नाही, असा त्याचा मामला. जपानमध्येच स्ट्राइकआउट भरपूर व्हायचा, अमेरिकेतले फास्ट पिचर त्याला सोडतील का, हा प्रश्न आहे. पण निदान ह्या वेळी ह्या टीमने कुणाला तरी विकण्याऐवजी विकत घेतलं. मला तेवढ्याचंच अप्रूप!

आणि आकडा हवाच असेल तर हा घ्या. 2025 मध्ये ऑल-स्टार ब्रेकपर्यंत 32 विजय, 65 पराभव. ब्रेकनंतर 28 आणि 37. त्याच वेगाने अख्खा सीझन खेळले, तर 70 विजय होतात. माझा अंदाज तोच. 70 विजय, 92 पराभव. प्लेऑफ? विसरा. पिचर कमी आहेत, पोरं दुसऱ्या वर्षी गडबडतात, समोरच्या टीम्स त्यांचा अभ्यास करून येतात. मॅनेजर विल व्हेनेबल शांत डोक्याचा वाटतो, पण शांत डोक्याने नववी इनिंग जिंकता येत नाही. 2026 संपताना हे चौघं आजच्यापेक्षा बरे खेळत असतील, तर बिल्डिंग उभी राहतेय. नसतील, तर हीही गळणार.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो गप्प. मग मी बाबांना कॉलमध्ये घेतलं. म्हटलं, अनुभवी माणसाशी बोल.

"तुमचा बिल्डर कोण रे?" बाबांनी विचारलं.

"राइन्सडॉर्फ. 1981 पासून तोच ओनर. तुमच्यापेक्षा ओल्ड आहे, आबा."

"तो तुम्हाला भाडं देतो का?"

"नाही. आम्हीच तिकीट काढतो."

"म्हणजे घर पाडलं, वर मेंटेनन्सही तुम्हीच भरायचा?" बाबा खरोखर चिडले. मग थोडं थांबून म्हणाले, "तू जातोस ना बघायला?"

"जातो."

"जात जा. मी दर रविवारी जातो. कुणी बघत नाही असं वाटलं, की काम थांबतं."

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. कब्जचं नावही परत काढलं नाही, पण मीही विचारलं नाही.

"आबा, तुमचे किती फ्लोअर झाले?"

"परवा अकरावा स्लॅब पडला."

"टोटल किती?"

"बावीस."

त्याने मनातल्या मनात हिशोब केला. "म्हणजे तुम्ही सॉक्सच्या पुढे आहात," तो म्हणाला.