नावाचा हक्क आणि न्यायाची सीमा

लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीच्या दुकानांवर मिळतीजुळती नावे शेजारी शेजारी झळकतात. त्यांतले अस्सल कोणते, हा निवाडा तेथे गिऱ्हाइकाच्या जिभेवर सोपविला जातो. प्रतिपक्षी परदेशी कंपनी असेल तर मात्र प्रकरण इतके सुखाचे राहत नाही. जवळच्या पुण्यातच याचा प्रत्यय आला आहे.

पुण्याच्या कॅम्प भागात १९९२ च्या सुमारास ‘बर्गर किंग’ हे उपाहारगृह सुरू झाले. याच नावाच्या अमेरिकन कंपनीने भारतात पहिले उपाहारगृह उघडले ते २०१४ मध्ये. पण तिची येथील नावनोंदणी १९७९ ची. त्या बळावर तिने २०११ मध्येच दावा दाखल केला. जुलै २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांना नाव वापरण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. एवढी दमछाक सोसणारे लहान व्यावसायिक कितीसे निघतील?

मग असे तंटे राष्ट्रांच्या वरच्या न्यायपीठाकडे का सोपवू नयेत, असे सुचविले जाते. युरोपात तसे पीठ आहे. जून २०२४ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ‘सुपरमॅक्स’ या आयरिश कंपनीच्या बाजूने कौल देत, मॅकडोनाल्ड्सचा ‘बिग मॅक’ या नावावरील हक्क कोंबडीच्या पदार्थांपुरता काढून घेतला. सलग पाच वर्षांचा खराखुरा वापर त्या बलाढ्य कंपनीला सिद्ध करता आला नव्हता. निकाल आनंदाचा खराच. परंतु त्या राष्ट्रांनी आधी आपला कायदा एक केला, तेव्हा ते पीठ उभे राहिले. भारताने आपले सार्वभौमत्व असे कोणाच्या ओटीत घातलेले नाही, हे योग्यच झाले. जागतिक व्यापार संघटनेच्या दारातही सरकारेच उभी राहतात, चिक्कीवाला नव्हे.

नावाचा हक्क मुळात देशाच्या सीमेपाशी संपतो. ऑस्ट्रेलियात हेच नाव दुसऱ्याने आधी नोंदविलेले असल्याने ‘बर्गर किंग’ला तेथे ‘हंग्री जॅक्स’ या नावाने दुकान थाटावे लागले!

१९०८ मध्ये तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तेव्हा स्वदेशी माल निर्माण करणे हेच आव्हान होते. आज मावळातल्या उद्योजकाला मालाइतकेच नावही राखावे लागते. लहान उद्योगाला एका वर्गातील ऑनलाइन नोंदणीस साडेचार हजार रुपये शुल्क पडते; २०१३ पासून माद्रिद व्यवस्थेतून एकाच अर्जाने अनेक देशांत संरक्षण मागता येते. आजोबांच्या काळची बिले, वेष्टणे, जाहिराती मात्र रद्दीत घालू नयेत. वापर किती जुना, हे न्यायालय त्यांवरूनच ठरवील.