ऐकू आलं नाही, हे सांगायला हवं

मुलांच्या अब्बांना कमी ऐकू येतंय, हे आम्हां घरच्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं. टीव्हीचा आवाज वाढत होता, हाकेला ओ मिळत नव्हती. आम्ही हसून सोडून दिलं.

ऑफिसात मात्र ते निभलं नाही. साहेब म्हणाले "साठ बिलं", यांनी ऐकलं "सात" आणि मान डोलावली. ५३ बिलं राहून गेली. पाठीमागून केलेल्या सलामाला उत्तर आलं नाही म्हणून एका जुन्या सहकाऱ्याने बोलणंच टाकलं. "घमेंड आली," म्हणे!

मग कानांची तपासणी केली. आवाज येतो, पण स, श, फ, थ यांसारखे बारीक उच्चार निसटतात. म्हणून बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. यंत्र घेतलं. सुरुवातीला पंख्याची घरघर आणि कागदांची सळसळही नकोशी झाली. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. यंत्र खिशात ठेवलं तर ती होत नाही.

खरा फरक पडला तो ऑफिसात सांगून टाकल्यावर. टेबल पंख्यापासून दूर, दाराकडे तोंड करून घेतलं. मीटिंगमध्ये खिडकीकडे पाठ करून बसायचं, म्हणजे बोलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. नुसतं "काय?" न विचारता "तारीख कोणती म्हणालात?" असं विचारायचं. आकडा उलट म्हणून दाखवायचा, महत्त्वाचं काम लिहून मागायचं.

नोकरी जाईल, ही भीती आम्हालाही होती. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही. दोन्ही कानांचा ऱ्हास ६० डेसिबल किंवा अधिक असेल, तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. तपासणीसाठी मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे.

आम्हीही घरात बदललो. स्वयंपाकघरातून ओरडत नाही, समोर जाऊन बोलतो. दिवसभर कान देऊन ऐकणं थकवतं. म्हणून ते घरी आले की अर्धा तास कुणी काही विचारत नाही.

आणि ते जुने सहकारी? आता टेबलाला वळसा घालून समोर येतात, मगच सलाम करतात. उत्तर लगेच मिळतं.